मुक्कामाच्या रानातलं खत

वहिनी,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. विसरलो होतो असं नाही. आठवत होतं, आणि प्रत्येक वेळी मी कशाच्या तरी मागे लपत होतो. कधी वडिलांच्या नावामागे, कधी मुलाच्या संसारामागे, कधी नुसतं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. तुम्ही होतात तोवर वाटायचं, जाऊ एखाद्या दिवशी मळ्यात, बसू ओट्यावर, सांगू. काल तुमचा दहावा झाला आणि तो दिवस राहून गेला तो गेलाच.

दहाव्याला गर्दी होती. ओढ्याकाठी मंडप, लाउडस्पीकर, चार पुढारी. त्यातल्या एकाने तुम्हाला तुमच्या सुनेच्या नावाने श्रद्धांजली वाहिली. कुणीतरी मागून कुजबुजलं तेव्हा त्याने नाव दुरुस्त केलं आणि त्याच दमात पुढच्या रस्त्याच्या मंजुरीवर गेला. तुमचा फ्लेक्स रस्त्याकडेच्या दुकानगाळ्यांच्या भिंतीवर बांधला होता. ज्या गाळ्यांसाठी तुम्ही भर सभेत नाही म्हणालात, त्यांच्याच भिंतीवर. कुणाच्या तरी लग्नातला तुमचा फोटो कापून घेतलेला, पदर अर्धा तुटलेला, आणि खाली पुढाऱ्यांचे चेहरे तुमच्याहून मोठे. वर लिहिलं होतं, ‘दानशूर घराण्याचा आधारवड हरपला.’

माझ्या मागे दोन तरुण बसले होते. एकाने तो फ्लेक्स वाचला आणि हळूच हसला.

“दानशूर म्हनं! रान सोडलं गुरांसाठी, शेण गोळा घरासाठी.”

“आरं, गप. आयकंल कुनी.”

“आयकंना. जुनी मान्सं म्हनत्यात त्येच म्हनतो मी. इचार गुरुजींला. काय गुरुजी?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल. मला कळलं. वहिनी, ती ओळ जुन्या माणसांची नाही. ती माझी आहे. मी जोडली, मी भर सभेत म्हणून दाखवली, आणि तुमच्या दहाव्याला ती माझ्याकडे परत आली तेव्हाही मी ओळख दिली नाही.

म्हणून आता लिहितो. तुमच्यासाठी लिहितो, पण गावाला वाचून दाखवायचं म्हणून लिहितो. ज्यांना ते रान आठवत नाही त्यांच्यासाठी आधी ते रान सांगावं लागेल.

निरगुडसरकडची, त्याही वरची जनावरं तेव्हा बेल्ह्याच्या बाजाराला पायी यायची. बाजाराच्या आदल्या दिवशी आपल्या गावाशी येईतो ती थकलेली असायची, आणि बेल्हे अजून राजुरीच्या पलीकडे. तुमच्या सासऱ्यांनी, थोरल्या आबांनी, रस्त्याकडेचं विहिरीजवळचं रान त्यांच्यासाठी सोडून दिलं. पडीक नव्हे, चांगलं काळं रान. तिथे हौद बांधला, मेखा ठोकल्या, बाभळी राखल्या आणि ते पंचायतीच्या नावावर करून टाकलं. अट एकच, तोंडी सांगितलेली : चालत आलेल्या जनावराने इथे टेकावं. माणसाची जात नाही विचारायची, गाव नाही विचारायचं. आधी जनावर पाणी पिणार, मग माणूस. हौद मात्र शेवटपर्यंत तुमच्याच घराने भरला. आधी मोटेने, मग इंजिनाने, मग विजेच्या मोटारीने. तुमचे मालक, माधवदादा, गेल्यावर तो तुम्ही भरलात. मुलं पुण्याला नोकरीला, तुम्ही एकट्या, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी वीज नसली की तुमच्या शिव्या माझ्या घरापर्यंत ऐकू यायच्या. लाइनमनचा सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

आता शेण.

एका मुक्कामाला जनावरांचं किती शेण पडतं, ते ज्याच्या रानाला खत मिळत नाही त्यालाच कळतं. उतरलेल्या माणसांनी ते सकाळी एका कोपऱ्यात लोटून ठेवायचं, अशी पद्धत. आणि उजाडायच्या आत आबांची गाडी यायची, ढीग भरायची, आणि तुमच्या मळ्याच्या वाटेने निघून जायची. अख्ख्या गावाने ती गाडी पाहिली आहे. पुढचं मात्र कुणी पाहिलं नाही, कारण मळ्याची वाट तुमच्या बांधाशी संपत नव्हती. ती पुढे आमच्या रानात उतरायची.

आमचे बैल एका उन्हाळ्यात पाठोपाठ गेले. गायही विकली गेली. गोठा रिकामा झाला तसं रान मरायला लागलं. दाव्याला जनावर नसलेल्या शेतकऱ्याने दुसऱ्याच्या दारचं शेण उचलायचं, ही त्या काळी आमच्यासारख्या घराला मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. वडील उपाशी राहिले असते, पण पाटी घेऊन त्या ढिगाकडे गेले नसते. आबांनी ते ओळखलं. ते स्वतः आमच्या अंगणात आले. मी तेव्हा शिकत होतो, आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“गाडी माजी ने, बैल माजं ने. उजाडायच्या आत भर. कुनी इचारलं तर म्हन, आबाची गाडी, आबाचं खत.”

“आबा, लोक तुमाला नावं ठेवत्याल. सोडलेल्या रानाचं शेण बी सोडवंना म्हनत्याल.”

“म्हनू दे. माज्या नावाला काय व्हतंय? मळा भरल्याला हाय माजा. तुजं नाव ऱ्हायलं पायजे, पोरी लग्नाच्या हायती तुज्या.”

हे एवढंच. याहून मोठं दान मी आयुष्यात पाहिलं नाही. रान दिलं ते गावाला दिसलं. नाव दिलं ते फक्त आम्हाला दिसलं.

तुम्हालाही दिसलं. तुम्ही नव्या लग्नाच्या होतात आणि धारा काढायला पहाटे गोठ्यात असायचात. माझे वडील गाडी परत आणायचे, धुऊन लावायचे, बैलांना वैरण टाकायचे आणि मान खाली घालून निघायचे. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आबा काय ते तुम्हाला सांगून गेले असतील. त्या खतावर आमचं रान पुन्हा उभं राहिलं. त्या रानाच्या कांद्यावर मी शिकलो, मास्तर झालो, आणि गाव मला गुरुजी म्हणू लागलं. वडिलांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, “ढिगाचं कुनाला सांगू नगं.” मी वचन दिलं. पुढे याच वचनाला मी किती सोयीस्करपणे वापरलं, ते आता ऐका. तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐका.

टेम्पो आले. कालवा आला, ऊस आला, पायी येणारी जनावरं कमी झाली. मुक्कामाच्या रानात एखादाच कळप दिसू लागला. सरपंचाने काढलं, रस्त्याकडेची मोक्याची जागा, गाळे बांधू, गावाला उत्पन्न होईल. नव्वदनंतरची ती वर्षं, ज्याला त्याला रस्त्यावर एक शटर हवं होतं. मलाही हवं होतं. माझा मुलगा शेतीच्या पदविकेनंतर घरी बसून होता. खत-औषधांचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं, आणि कोपऱ्यावरचा गाळा सरपंचाने मला बोलून ठेवला होता. का, ते सरपंच म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती. गुरुजींचा शब्द सभेत चालतो, हे त्याला माहीत होतं.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. बायका मागे, भिंतीलगत. तुम्ही उठलात आणि पुढे आलात.

“मामंजींनी रान पंचायतीला दिलं, पंचायतीच्या पोटाला न्हाई दिलं. चालून आलेल्या मुक्या जनावराला टेकाया दिलं. आजून येत्यात. कमी येत्यात, पन येत्यात का न्हाई?”

“आता टेम्पोतनं येत्यात वयनी,” कुणीतरी ओरडलं. “बैलांचं बी पाय दुखाया लागल्यात!”

हशा झाला. तुम्ही हसणाऱ्याकडे वळलात.

“आन् टेम्पोतल्या बैलाला तहान लागत न्हाई व्हय रं? का त्याला बी तुज्यावानी बाटली देत्यात?”

या वेळी हशा त्याच्यावर झाला. म्हातारी माणसं माना हलवू लागली. एक जण म्हणाला, वयनी बोलत्यात त्ये बराबर हाय, दिलेलं रान हाय, दुसरी जागा बघा. सभा तुमच्याकडे झुकत होती. सरपंचाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी उठलो.

मी काय बोललो ते मला अजून पाठ आहे. पाठ असणारच, आदल्या दिवशी तयारी केली होती. मी म्हणालो, आबांबद्दल मला आदर आहे, पण दान म्हणजे काय याचा आपण विचार केला पाहिजे. ज्या दानातून देणाऱ्यालाच वर्षानुवर्षं खत मिळत राहिलं, त्याला दान म्हणायचं की व्यवहार? वर ती ओळ म्हणालो. रान सोडलं गुरांसाठी, शेण गोळा घरासाठी. शाळेत कविता शिकवायचो तसा दुसऱ्या अर्ध्यावर जोर दिला. मैदान खदखदून हसलं.

सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“वयनी, गुरुजी म्हनत्यात त्ये खरं का खोटं, येवढं सांगा. खोटं आसंल तर इषय आपुन हितंच बंद करू.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घरी तुम्ही मला नेहमी भाऊजी म्हणायचात. त्या दिवशी तसं म्हणाला नाहीत.

“गुरुजींलाच इचारा. ढीग कुटं जायाचा त्ये त्यांला ठाव हाय.”

“काय गुरुजी?”

वहिनी, तुम्ही सगळं माझ्या हातात दिलंत. रान, सासऱ्यांचं नाव, तुमचं म्हणणं, सगळं. मी खरं बोलेन, असा विश्वास ठेवलात की मला संधी दिलीत? एवढ्या वर्षांत मला ठरवता आलं नाही.

“आबांच्या गाडीतून जायचा,” मी म्हणालो. “सगळ्या गावानं पाहिलंय.”

एकही शब्द खोटा नव्हता. मी मास्तर होतो ना. खोटं कसं बोलायचं नाही आणि तरी कसं बोलायचं, ते मला चांगलं येत होतं.

तुम्ही पदर सावरलात आणि मागे जाऊन बायकांत बसलात. ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला. वडिलांना दिलेलं वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगत घरी गेलो. वडील जाऊन किती काळ लोटला होता! बहिणींची लग्नं होऊन त्यांना नातवंडं झाली होती. ढिगाची गोष्ट कळून आमचं काय बिघडणार होतं? काही नाही. गाळा गेला असता, एवढंच.

मला तुमचाही राग येतो. मेलेल्या माणसाशी खोटं काय बोलू? येतो राग. एक वाक्य बोलायचं होतं, वहिनी. ‘तुमच्या बापानं नेलं.’ तीन शब्द. मी जागच्या जागी बसलो असतो, आणि रान वाचलं असतं. पण तुम्हाला सासऱ्यांचा शब्द राखायचा होता. ज्याला शब्द दिला तो माणूस गेला, ज्याने दिला तो गेला, आणि तुम्ही दोघांच्या मागे तो शब्द सांभाळत बसलात, तोही माझ्यासारख्यासाठी! आबांनी आमच्या घराचं नाव राखायला आपलं नाव गहाण टाकलं, आणि मी ते तसंच बुडवलं. तुमच्या घराने इतकं चांगलं वागायला नको होतं. समोरचा माणूस कोण आहे ते तरी बघायचं. मला हे बोलण्याचा अधिकार नाही, पण राग अधिकार बघून येत नाही.

गाळे झाले. हौद फोडला. मुलाचं दुकान चालू लागलं. युरियाच्या गोण्या जिथे रचल्या होत्या तिथेच कधीकाळी ढीग असायचा. मी दुपारी गल्ल्यावर बसायचो.

एका उन्हाळ्यात जुन्नरचे हुसेनभाई आले. जनावरांचे व्यापारी. तरुणपणी आपल्या रानात कितीदा उतरलेले, आता दाढी पांढरी झालेली, मुलाच्या टेम्पोत पुढे बसलेले. मागे बैल तोंडाला फेस आणून उभे. हुसेनभाई खाली उतरले आणि इकडेतिकडे पाहत राहिले.

“गुरुजी, इथला हौद कुठे गेला?”

“विकास झाला, हुसेनभाई.”

“विकास झाला ते दिसतंय. पाणी कुठे गेलं?”

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, “नळ बंद आहे चाचा, पुढे बघा कुठेतरी.” नळ बंद नव्हता. मी ऐकलं आणि गप्प बसलो. गप्प बसायची सवय लागली होती.

तेवढ्यात तुम्ही आलात. कुणी सांगितलं, की रस्त्यावरच्या टेम्पोतल्या बैलांचा आवाज तुम्हाला मळ्यात ऐकू आला, कोण जाणे. डोक्यावर हंडा, हातात बादली, वय झालेलं, पाय सुजलेले. हुसेनभाईंचा मुलगा धावला, त्याने बादली घेतली. तुम्ही दुकानाकडे पाहिलं नाहीत.

“भाभी, तुम्ही कशाला?” हुसेनभाई म्हणाले. “मी पोराला पाठवलं असतं.”

“आदी त्यांला पाजा. मग बोला.”

हुसेनभाई डोळे पुसत हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “आबा असंच म्हणायचे, गुरुजी. आधी जनावर. आमचं नावसुद्धा नाय विचारायचे.” मी म्हणालो, हो, आठवतं. मला सगळं आठवतं हीच माझी अडचण आहे.

त्यानंतर तुम्ही तुमच्या बांधाच्या आत, रस्त्याला लागून, प्लॅस्टिकचं एक पिंप आडवं कापून ठेवलंत. ते अजून आहे. काल दहाव्याहून येताना पाहिलं, कोरडं होतं. ‘आधारवड’ लिहिणाऱ्या एकाच्याही मनात आलं नाही की त्यात पाणी टाकावं. माझ्या आलं. पण मंडपातून लोक बघत होते, आणि गुरुजी एकदम पाणी का भरतायत असं विचारतील म्हणून मी पुढे चालत राहिलो. या वयात, वहिनी! तुम्ही गेल्यावरसुद्धा!

एकदा मी खरोखर सांगायला आलो होतो. तुमचं दुखणं नुकतं सुरू झालं होतं. तुम्ही ओट्यावर लसूण सोलत बसला होतात. मी मनात वाक्य जुळवून आलो होतो, पण तुम्ही आधी बोललात.

“या भाऊजी. कांदा कसा हाय औंदा तुमचा?”

“बरा आहे. आजूबाजूची रानं खारावून चोपण झाली, पाण्यानं आणि युरियानं खाल्ली. आपलं तेवढं टिकून आहे.”

“टिकंल की. खत मुरलंय त्यात.”

तुम्ही मान वर केली नाहीत. टोमणा होता का? की नुसतं रानाबद्दल बोललात? की माझं अवघड काम सोपं करून दिलंत, पुन्हा एकदा सगळं माझ्या हातात दिलंत? मी म्हणालो, “हो, मुरलंय.” मग चहा आला. मग मी तुमच्या औषधांची चौकशी केली. मग उठलो. तुम्ही सोललेल्या लसणाची ओंजळ माझ्यासमोर धरलीत, “घिऊन जा, सुनबाईला उपेगी पडंल.” आणि मी ती घेतली. माफी मागायला आलेला माणूस लसूण घेऊन घरी गेला.

आज सकाळी मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता कशाला उकरता, आप्पा? त्या तर गेल्या. दुकानाचं नाव खराब होईल.” मी त्याला म्हणालो, तुझ्या दुकानाखाली कुणाचं नाव पुरलंय ते तुला माहीत नव्हतं, आता माहीत झालं. तो चिडून निघून गेला. चिडू दे. माझंच शिकवणं.

पुढच्या ग्रामसभेत हे वाचणार आहे. मैदान तेच आहे. गाळे उठणार नाहीत, हौद परत येणार नाही, ते मला कळतं. पण ती ओळ कुणाची ते गावाला कळलं पाहिजे, आणि त्या दिवशी सरपंचाने मला विचारलं होतं त्याचं उत्तर अजून देणं आहे. तुम्ही भिंतीलगत बसला आहात असं धरून देतो.

ढीग आमच्या रानात जायचा. गाडी आबांची होती, बैल आबांचे होते, आणि खत माझ्या वडिलांनी नेलं. त्यावर पिकलेलं खाऊन मी मोठा झालो. वहिनी खरं बोलत होत्या, मी खोटा होतो.

वहिनी, मला माफ करा.